नव्वीची जोडी, समोरून रि-रेज: पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा?

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. विदर्भात त्या दिवशी बैलपोळा होता. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या धानपट्ट्यातल्या गावांमध्ये बैल सजवून तोरणाखाली आणायचा हा दिवस. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी एका विधेयकावर सही केली आणि देशभरातल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, सगळे एका फटक्यात.

पोळा आणि पत्ते यांचं नातं विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोळ्यापासून मारबतीपर्यंत गावोगावी डाव बसतात, त्यांच्यावर धाडी पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘इतके जण ताब्यात, इतका मुद्देमाल जप्त’ अशी बातमी येते. गेल्या काही वर्षांत फरक एवढाच पडला की डाव झाडाखालून उठून मोबाइलमध्ये गेला. तिथे पोलिसांची जीप येत नव्हती, उलट क्रिकेटपटू आणि सिनेनट जाहिरातीत येऊन ‘कौशल्याचा खेळ’ असं सांगत होते.

हे कौशल्य नेमकं कुठे असतं? किती असतं? आणि ते असूनही लोकांचे पैसे का जातात? कोर्टातले वकील यावर तासन् तास बोलतात. पण पोकरमधला एकच नेहमीचा पेच नीट पाहिला तर बराच उलगडा होतो. तो पेच म्हणजे: हातात मधल्या ताकदीची जोडी आहे आणि समोरच्याने रि-रेज केली आहे.

आधी खेळ थोडक्यात

तीनपत्ती माहीत असलेल्याला पोकर समजायला वेळ लागत नाही. ‘होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यालाच दिसतात. नंतर टेबलाच्या मध्ये पाच पत्ते उघडले जातात: आधी एकदम तीन (त्याला फ्लॉप म्हणतात), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर). हे पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी, पॉट त्याचा. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची एक फेरी होते. डाव सुरू होण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने थोडे पैसे टाकावे लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, पण तीनपत्तीतल्या ‘ब्लाइंड चाली’शी त्याचा संबंध नाही. हे ब्लाइंड म्हणजे बुटाच्या जवळची गोष्ट.

‘लिमिट’ म्हणजे रक्कम ठरलेली. समजा टेबल १०-२० रुपयांचं आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत बाजी १० रुपयांनीच वाढते, शेवटच्या दोन फेऱ्यांत २० रुपयांनी. एका फेरीत साधारणपणे चार बाज्यांपलीकडे जाता येत नाही. ‘नो-लिमिट’मध्ये मात्र समोर असलेले सगळे पैसे एकदम ढकलता येतात. आपल्याकडच्या अॅपवर बहुतेक गर्दी नो-लिमिटच्याच टेबलांवर असायची, कारण थरार तिथे जास्त. तरी इथे लिमिटचंच उदाहरण घेतलं आहे, कारण त्यात धमकावून पळवून लावण्याला वाव कमी असतो आणि गणित उघडं पडतं. कौशल्य मोजायचंच असेल तर मोजायला ही जागा बरी.

नव्वीची जोडी आली. आता?

समजा, आसगावातला एक तरुण आहे. खरा कुणी नव्हे, उदाहरणापुरता. त्याच्या हातात दोन नव्व्या आल्या. सत्ती ते दश्शी या पट्ट्यातल्या जोड्यांना मधल्या जोड्या म्हणतात. दिसायला छान, पण अडचणीच्या. एक्क्यांची किंवा राजांची जोडी असली की डोकं लावावं लागत नाही. दुर्रीची जोडी असली की फारशी आशा नसते. नव्वी मधेच लोंबकळते.

तो रेज करतो, म्हणजे २० रुपये लावतो. पुढचा खेळाडू रि-रेज करून ३० करतो. ५ आणि १० रुपयांचे ब्लाइंड टाकलेले दोघेही पत्ते टाकून देतात. मध्ये आता ६५ रुपये आहेत: त्याचे २०, समोरच्याचे ३० आणि ब्लाइंडचे १५. त्याला खेळात राहायला आणखी १० हवेत.

नवखा माणूस इथे दोनपैकी एक करतो. घाबरून पत्ते टाकतो, ‘त्याच्याकडे नक्की एक्क्यांची जोडी असणार’ म्हणून. नाहीतर चिडून पुन्हा वाढवतो. दोन्ही सहसा चुकीचं.

१० रुपये टाकून एकूण ७५ च्या पॉटवर हक्क मिळतोय. म्हणजे साडेसात वेळांतून एकदा जिंकलं तरी हिशेब बरोबरीत सुटतो. टक्क्यांत सांगायचं तर १३.३. आता समोरच्याकडे काय असू शकतं ते मोजू. तो शिस्तीचा खेळाडू आहे आणि दश्शी ते एक्का यांपैकी कुठलीही जोडी, किंवा एक्का-राजा, किंवा एक्का-राणी असली तरच रि-रेज करतो असं धरलं, तर प्रत्येक मोठी जोडी सहा प्रकारे बनू शकते. अशा पाच जोड्या, म्हणजे ३० प्रकार. एक्का-राजा १६ प्रकारे, एक्का-राणी १६ प्रकारे, मिळून ३२. एकूण ६२.

भीतीला सगळीकडे एक्क्यांची जोडी दिसते, पण मोजणी सांगते की अर्ध्याहून किंचित जास्त वेळा समोरच्याकडे जोडीच नाही. जोडी नसलेल्या त्या हातांपुढे नव्वी साधारण ५५ टक्के वेळा जिंकते, मोठ्या जोडीपुढे १९ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही मिळून सरासरी ३७ टक्क्यांच्या घरात जाते. गरज १३ ची, हातात ३७. फ्लॉपनंतरच्या अडचणींमुळे हे सगळे ३७ टक्के पदरात पडत नाहीत हे खरं, पण अंतर इतकं मोठं आहे की स्वतः रेज केल्यावर एका बाजीसाठी नव्वी टाकणं म्हणजे पैसे टाकून देणं.

मग पुन्हा का वाढवायचं नाही? कारण आणखी वाढवल्यावर समोरचा पळत नाही. त्यालाही एकाच बाजीचा प्रश्न असतो आणि पॉट आणखी मोठा झालेला असतो. इथे एक गमतीची नोंद आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं की दोघांत खेळला जाणारा लिमिट होल्डेम त्यांनी जवळजवळ पूर्ण सोडवला आहे. त्यांच्या प्रोग्रामचं नाव सेफियस. आयुष्यभर रोज बारा तास त्याच्याशी खेळलं तरी तो अचूक खेळापासून किती ढळतो हे खात्रीने सांगता येणार नाही, इतका तो अचूकतेच्या जवळ आहे. पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर बसलेला हा सेफियस रि-रेज आल्यावर चौथी बाजी जवळपास कधीच लावत नाही. एक्क्यांची जोडी असली तरी हजारांत एकदासुद्धा नाही. शांतपणे कॉल करतो आणि ताकद लपवून ठेवतो. दोघांचा खेळ आणि सहा-नऊ जणांचं टेबल यात फरक आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. पण चिडून चौथी बाजी लावणाऱ्याने एकदा आठवून पाहावं असं आहे.

तीच जोडी, दुसरी खुर्ची

आता प्रसंग थोडा बदलू. हातात अठ्ठीची जोडी. पण या वेळी रेज त्याने केलेली नाही. त्याच्या आधीच्या एकाने २० लावले, दुसऱ्याने ३० केले आणि मग पाळी त्याच्यावर आली. मध्ये तेच ६५ रुपये. पण आता त्याला १० नव्हे, पूर्ण ३० टाकायचे आहेत. हिशेब १३ टक्क्यांवरून साडेएकतीसवर गेला. शिवाय पहिला माणूस अजून मागे बसला आहे, तो पुन्हा वाढवू शकतो. दोन जणांनी आपापल्या पैशांनी सांगितलंय की त्यांच्याकडे काहीतरी आहे. त्यातल्या किमान एकाकडे मोठी जोडी असण्याची शक्यता बरीच वाढली आणि तशी नसली तरी दोघांचे मिळून तीन-चार मोठे पत्ते अठ्ठीच्या वर बसण्यासाठी टपलेले आहेत. इथे अठ्ठी टाकलेली बरी. नव्वीही बहुतेक वेळा टाकलेलीच बरी. दश्शीबाबत जाणकारांतही दोन मतं पडतात.

म्हणजे पत्ते जवळजवळ तेच, पॉट तोच, आणि उत्तर अगदी उलटं. ‘मधली जोडी रि-रेजपुढे खेळावी का?’ या प्रश्नाला रील्समध्ये मिळतं तसं एका ओळीचं उत्तर नाही. ती रि-रेज आपल्या रेजवर आली आहे की आपल्या आधीच झाली आहे, हे आधी पाहावं लागतं.

खरी परीक्षा फ्लॉपवर

पहिल्या प्रसंगाकडे परत येऊ. त्याने १० टाकले, पॉट ७५ झाला. फ्लॉपवर तिसरी नव्वी येण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांतून एकदा. आली तर आनंद आहे, पुढचं कुणालाही खेळता येतं. बाकीच्या वेळी काय?

नव्वीच्या वर दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का असे पाच दर्जे आहेत. तीन पत्त्यांच्या फ्लॉपवर यातला किमान एक येण्याची शक्यता ७९ टक्के. अठ्ठी असेल तर ८७, सत्ती असेल तर ९२. दश्शी असेल तर जरा बरं, सत्तरच्या आत. थोडक्यात, पाचपैकी चार वेळा नव्वीवाल्याला मध्ये एखादा मोठा पत्ता पाहावा लागतो आणि समोरचा बाजी लावतो.

फ्लॉप आला: राजा, सत्ती, दुर्री. समोरच्याने १० लावले.

शेवटपर्यंत जायचं म्हटलं तर आता १०, टर्नला २० आणि रिव्हरला २०, असा ५० रुपयांचा खर्च आहे. जिंकलं तर मधले ७५ आणि समोरच्याचे ५०, म्हणजे १२५ मिळतील. हिशेब बसायला साडेअठ्ठावीस टक्के वेळा जिंकायला हवं.

पुन्हा मोजू. एक राजा मध्ये पडल्यामुळे समोरच्याकडे राजांची जोडी आता तीनच प्रकारे असू शकते, एक्का-राजा बारा प्रकारे. बाकीच्या चार मोठ्या जोड्या चोवीस प्रकारे. हे ३९ प्रकार नव्वीच्या पुढे आहेत. मागे फक्त एक्का-राणीचे १६. आणि त्यांनाही पुढच्या दोन पत्त्यांत एक्का किंवा राणी लागण्याची संधी चारात एकदा आहेच. उलट नव्वीला तिसरी नव्वी लागण्याची संधी नऊ टक्क्यांपेक्षा कमी. सगळं जोडून आकडा साडेसत्तावीसच्या आसपास येतो.

गरज साडेअठ्ठावीस, मिळकत साडेसत्तावीस. टक्काभराचा फरक! नाणं उडवलं तरी चालेल अशी स्थिती.

पण आता एकच माहिती बदलून बघा. समजा हा समोरचा माणूस एक्का-गुलामावरही रि-रेज करतो, हे आपल्या खेळाडूने गेल्या दोन तासांत पाहून ठेवलंय. मग मागे असलेल्या हातांत १६ ची भर पडते, जिंकण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांवर जातं आणि शेवटपर्यंत कॉल करण्यात दर खेपेला सरासरी १७ रुपये सुटतात. उलट तो माणूस अतिशय सावध असेल, एक्का-राणीवरही रि-रेज करत नसेल, तर नव्वी जवळपास प्रत्येक वेळी मागेच आहे. प्रमाण आठ टक्के. हट्टाने शेवटपर्यंत गेलं तर दर खेपेला सरासरी ३६ रुपयांचा खड्डा.

पत्ते तेच, फ्लॉप तोच. समोरचा माणूस कसा खेळतो एवढ्या एका निरीक्षणावर अधिक १७ ते उणे ३६ इतका फरक. कौशल्य असेल तर ते इथे आहे आणि ते खरं आहे. ‘पोकर म्हणजे निव्वळ नशीब’ असं म्हणणाऱ्याने हा डाव एकदा कागदावर मांडून पाहावा.

मग कौशल्यवाले श्रीमंत का होत नाहीत?

पहिलं कारण म्हणजे नाल. पत्त्यांचा अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. अॅप तेच करतं, फक्त नाव वेगळं, रेक. समजा पाच टक्के. वरचा १७५ रुपयांचा पॉट जिंकणाऱ्याच्या हातात येण्याआधीच पावणेनऊ रुपये कापले जातात. टक्काभराच्या फरकाचा सीमेवरचा निर्णय अचूक घेऊन वाचतात सरासरी पावणेदोन रुपये. बरोबरीच्या खेळाडूंमध्ये बसलं की कौशल्याने दोन रुपये वाचवायचे आणि नाल नऊ रुपयांची द्यायची, असा सौदा होतो. नाल काढणाऱ्याला मात्र कधी नव्वीची जोडी येत नाही, की कधी रि-रेजला तोंड द्यावं लागत नाही.

वर सरकार. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडू खात्यात जी रक्कम भरेल तिच्यावर २८ टक्के जीएसटी लागला. काही कंपन्यांनी तो बोनसच्या रूपाने स्वतःवर घेतला, पण बोनस हा शेवटी बोनस असतो, रोख नव्हे. एवढं सगळं वजा केल्यावर वरच्या डावातले १७ रुपये कुठे राहतात हे ज्याने त्याने पाहावं.

दुसरं कारण अधिक वाईट आहे: आपण चांगले खेळतो की नाही, हे खेळाडूला कळतच नाही. लिमिट खेळणारे जुने लोक एक ढोबळ हिशेब सांगतात. चांगला खेळाडू शंभर डावांमागे एक मोठी बाजी, म्हणजे आपल्या टेबलवर २० रुपये, कमावतो. पण त्याच शंभर डावांत नशिबाने होणारी वर-खाली पंधरा-सोळा बाज्यांची, म्हणजे तीनशे रुपयांच्या पुढे असते. तीनशेच्या हेलकाव्यात वीस रुपयांची कमाई दिसायला किती डाव लागतील? संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने साधारण एक लाख. समोरासमोरच्या टेबलवर तासाला तीस डाव पडतात असं धरलं तर तीन हजार तासांच्या पुढे. पोळ्याच्या एका रात्रीत, किंवा महिनाभर मोबाइलवर खेळून, जे दिसतं तो नशिबाचा हेलकावा असतो. जिंकणाऱ्याला ते कौशल्य वाटतं आणि हरणाऱ्याला वाटतं की कौशल्य आहेच, फक्त दिवस वाईट चाललेत. दोघेही पुन्हा पैसे भरतात.

कोर्टांनी काय म्हटलं?

भारतात जुगाराचे कायदे बहुतेक राज्यांचे. महाराष्ट्रात १८८७ चा कायदा आजही लागू आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. मग प्रश्न उरतो, कुठला खेळ कौशल्याचा? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं, असं त्यामागचं कारण. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ, म्हणजे फ्लश, निव्वळ नशिबाचा ठरला.

पोकर या दोघांच्या मधे कुठेतरी येतो आणि कोर्टंही तशीच विभागली गेली. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर आणि रमी दोन्ही कौशल्याचे खेळ असल्याचं म्हटलं. वरच्या नव्वीच्या डावाकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना मुद्दा सापडतो. एक डाव पाहिला तर नशीब, एक लाख डाव पाहिले तर कौशल्य. किती डाव पाहायचे, हा प्रश्न वादात सहसा विचारलाच जात नाही.

२०२५ च्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असेल आणि तो ऑनलाइन असेल, तर बंदी. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ला आणि २२ ला सही. सरकारने तेव्हा सांगितलेला अंदाज होता की देशातले सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला कायदा पीडित मानतो.

महाराष्ट्रात हा विषय त्याआधी महिनाभर तापलेलाच होता. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ जुलैमध्ये व्हायरल झाला. कोकाटे यांनी आरोप फेटाळला, पण महिनाअखेर त्यांचं खातं बदलून क्रीडा झालं. त्यावरच्या मीम्स अजूनही फिरत असतात.

कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद कौशल्याचाच: कौशल्याचा खेळ हा व्यवसाय आहे आणि व्यवसायाला घटनेचं संरक्षण आहे. जुगार हा राज्यांचा विषय, त्यात केंद्राने कायदा कसा केला, हा दुसरा मुद्दा.

मग आता पोकर कुठे खेळतात?

कायदेशीरपणे पैसे लावून खेळायचं तर गोव्याच्या कॅसिनोत. तिथे १९७६ च्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे परवानगी आहे, मांडवीतल्या जहाजांवर पोकरची टेबलं लागतात आणि नागपूर-पुण्याकडची मंडळी दिसतात. पण कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आणि जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च वेगळा. महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करण्याचं ठरलं. आसगावातून गोवा गाठायचं म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे जायचं. १०-२० रुपयांच्या टेबलासाठी कोण जाणार?

त्यामुळे ज्याला सवय लागली आहे तो मोबाइलमध्येच दुसरं काहीतरी शोधतो. टेलिग्रामवर लिंक येते, परदेशातून चालणारी साइट उघडते, पैसे कुणाच्या तरी बँक खात्यात भरायचे असतात. नव्या कायद्यात अशा साइटही बेकायदाच आहेत, पण त्यांचं कार्यालय कुठे आहे हे कुणाला माहीत नसतं. अशा धंद्यात काय घडू शकतं हे भंडाऱ्याच्या शेजारच्या गोंदियाने जुलै २०२३ मध्ये पाहिलं. ऑनलाइन जुगाराच्या अॅपवर आपली ५८ कोटींची फसवणूक झाली अशी तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने दिली आणि पोलिसांनी गोंदियातल्या बुकीच्या घरी छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं. तो पोकर नव्हता. पण अॅपच्या मागे कोण बसलंय हे खेळणाऱ्याला कळत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. पैसे खात्यातून गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. आणि खेळणाऱ्याला कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे ‘आपणच अडकू’ म्हणून गप्प बसण्याचं कारण नाही.

राहता राहिली ती नव्वीची जोडी. १० रुपये टाकून ७५ वर हक्क, गरज १३ टक्क्यांची, हातात ३७, हा सगळा हिशेब मांडताना दोन गोष्टी न बोलता धरल्या होत्या. गड्डी नीट पिसलेली आहे आणि जिंकलेले पैसे हातात मिळणार आहेत. टेलिग्रामवरून आलेल्या लिंकवर या दोन्हींची शक्यता किती धरायची, याचं कोष्टक कुठल्याही पोकरच्या पुस्तकात नाही.